कोऱ्या काचेचा क्षय

मी एम.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा पुण्यात जिकडे तिकडे संगणकाचे क्लास निघत होते. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीसमोरही एक होता. तिथली मुलं चपला बाहेर काढून आत जायची, कारण संगणकाला धूळ चालत नसे, आणि आत एसी असायचा, कारण संगणकाला उकाडाही चालत नसे. आमच्याकडे उलट होतं. अनवाणी आत यायला बंदी होती आणि एसी समोरून बघायचा होता. आमच्या जंतूंना सदतीस अंश तापमान लागायचं. एप्रिलमध्ये ते सगळ्यांनाच फुकट मिळायचं.

"या जंतूंचं पुढे काय होतं?" ॲडमिशनच्या दिवशी बाबांनी विचारलं होतं. त्यांना नोकरीबद्दल विचारायचं होतं. मी म्हटलं, "मरतात." त्यावर त्यांनी फी भरली.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होते. आम्ही खडकीला दोन खोल्यांत राहायचो आणि ते सकाळच्या लोकलने कामावर जायचे. रजा घ्यायचे नाहीत. माझ्या बारशालासुद्धा पहिली पाळी करून मग आले, असं आई सांगायची. ती तक्रार म्हणून सांगायची आणि ते कौतुक म्हणून ऐकायचे. संध्याकाळी चहाचा कप हातात आला की ते मला न चुकता विचारायचे, "आज काय झालं कॉलेजात?" आणि मी न चुकता सांगायचे, "काही नाही." फिटरला प्रतिकारशक्तीचं शास्त्र काय समजावून सांगायचं, असं मला वाटायचं. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

त्या वर्षी त्यांच्या कारखान्यात व्हीआरएसची नोटीस लागली. स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा नक्की कोणाची, ते नोटिशीत लिहिलेलं नव्हतं. फॉर्म द्यायची शेवटची तारीख एका सोमवारची होती आणि दिलेला फॉर्म परत मिळणार नव्हता. खात्यातल्या निम्म्या लोकांनी भरून दिला. बाबांनी आपला फॉर्म घरी आणला आणि भांड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर अंथरला. कागद चांगला जाड होता.

"सहा वर्षं राहिलीत," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी भोंगा झाला की निघेन. आधी नाही."

त्याच महिन्यात आमचं क्षयाच्या जंतूंचं प्रात्यक्षिक आलं. खऱ्या रुग्णांचे नमुने विद्यार्थ्यांच्या हातात देत नसत, म्हणून विभागात एक जुनी पद्धत होती. प्रत्येकाने घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाची थुंकी आणायची. ती काचेवर पसरायची, वर लाल रंग ओतून खालून वाफ निघेपर्यंत तापवायचा, मग आम्लाने धुवायचं आणि शेवटी निळा रंग द्यायचा. आम्लाने धुतल्यावर बाकी सगळे लाल रंग सोडतात. क्षयाचा जंतू सोडत नाही. निळ्यात लाल काडी दिसली की समजायचं. अर्थात कोणाला कधीच दिसायची नाही. "क्षयाचे जंतू आढळले नाहीत" हे वाक्य आम्ही आदल्या दिवशीच जर्नलमध्ये लिहून ठेवायचो, म्हणजे प्रयोगाला वेळ उरायचा.

कारखान्यातल्या धुळीने बाबांना कायमचा खोकला होता, म्हणून माल भरपूर. मी बाटली दिली तर त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "किती पाहिजे?" सकाळी बाटली पुसून, झाकण पान्याने आवळल्यासारखं घट्ट करून माझ्या डब्याशेजारी ठेवलेली होती. आईने फक्त डबा उचलून लांब ठेवला.

प्रत्येक रंगानंतर काच धुवायला शुद्ध पाणी लागायचं, आणि प्रयोगशाळेत पाण्याचीच रड होती. पाणी उकळून त्याची वाफ थंड करून शुद्ध पाणी देणारं एक स्टीलचं यंत्र भिंतीवर होतं, ते दिवाळीपासून बंद होतं. दुरुस्तीचा अर्ज ऑफिसात गेला होता आणि ऑफिसने त्याला आवक क्रमांक दिला होता. म्हणजे काम निम्मं झालं होतं. तोपर्यंत प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे आमचे अटेंडंट, गच्चीवरच्या टाकीच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवायचे. "पाणी पाणीच असतं," मामा म्हणायचे. त्यांची नोकरी पंचवीस वर्षांची होती, आमची एम.एस्सी. दोन वर्षांची. आम्ही ऐकलं.

शुक्रवारी दुपारी मी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला लाल काडी दिसली. मग दुसरी. शंभर जागा बघून होईपर्यंत चार.

मला आनंद झाला. बाबांची थुंकी आहे हे आठवायच्या आधी मला आनंद झाला होता, आणि तो चांगला पाच-दहा मिनिटं टिकला. सगळा वर्ग माझ्या टेबलाशी रांग लावून बघून गेला. संध्याकाळी समोरच्या क्लासला जाणारी माझी मैत्रीण म्हणाली, "काय लकी आहेस गं, माझं सगळं निळंच आहे." तिने आपल्या आजोबांचा नमुना आणला होता. मॅडम चर्चासत्राला परगावी गेल्या होत्या, मंगळवारी येणार होत्या. मी जर्नलमधलं "नाहीत" खोडलं आणि सही केली.

"आज काय झालं कॉलेजात?" संध्याकाळी बाबांनी विचारलं.

त्या दिवशी मात्र माझ्याकडे सांगायला होतं. मी सांगितलं. लाल रंग, आम्ल, निळा रंग, सगळं नीट क्रमाने. बाबांनी इतकं लक्ष देऊन माझं कधी ऐकलं नव्हतं, कारण मी कधी बोललेच नव्हते. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की. मी स्वतः मोजल्या. चार."

"हात दाखवून अवलक्षण," आई म्हणाली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, आधी डॉक्टरांना तरी दाखवू."

"डॉक्टर काय करणार? थुंकी तपासायला सांगणार. ती तपासून झाली. घरात शिकलेलं माणूस आहे."

माझ्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द. मी तो मान खाली घालून ऐकला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

शनिवारी त्यांनी आपलं ताट, वाटी आणि भांडं वेगळं केलं. कोणी सांगितलं नव्हतं. फिटर असल्यामुळे तिन्हींवर खिळ्याने खूण कोरली, अगदी सरळ रेघ. रविवारी ते बराच वेळ दारात बसून होते. आईला म्हणाले, "पाळीला आम्ही अकरा जण एकमेकांच्या डब्यात जेवतो." थोड्या वेळाने म्हणाले, "जूनमध्ये कंपनीची डॉक्टरी तपासणी आहे. त्यात सापडून गेटबाहेर जायचं त्यापेक्षा..." मी आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होते. क्षयावरचंच प्रकरण होतं.

मंगळवारी मॅडम आल्या. मी माझी काच अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पाहिली, चष्मा वर केला आणि विचारलं, "कोरी केलीस?"

"म्हणजे?"

"नमुना न घालता, नुसती काच. रंग, आम्ल, पाणी, सगळं तसंच द्यायचं. पहिल्या वर्षाला शिकवलंय मी हे."

शिकवलं होतं. कोऱ्या काचेवर काही नसतं हे माहीतच असल्यामुळे ती कोणीच करायचं नाही. जर्नलमध्ये तिचाही निकाल आदल्या दिवशीच लिहिलेला असायचा. मी कोरी काच घेतली, रंगवली, धुतली आणि मॅडमच्या हातात दिली. त्यांनी पंधरा मिनिटं पाहिली. पंधरा मिनिटं मी त्यांच्या मानेकडे बघत उभी होते.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "काचेलाही क्षय झालाय. सहा काड्या आहेत. तिची तब्येत तुझ्या बाबांपेक्षा वाईट दिसते."

क्षयाच्या जंतूचे काही निरुपद्रवी भाऊबंद असतात. ते टाकीत, नळाच्या तोंडाशी सुखाने राहतात आणि तेही लाल रंग सोडत नाहीत. आमच्या कॅनमध्ये तेच होते. बाकीच्यांनी शंभर जागा पाहिल्याच नव्हत्या. मॅडमनी मामांकडे पाहिलं. मामांनी भिंतीवरच्या यंत्राकडे पाहिलं.

मी सायकल काढली आणि खडकीपर्यंत कुठे थांबले नाही. बाबांना कधी सांगते असं झालं होतं. घरी आले तर आई कपाटाच्या वरच्या फळीवर वर्तमानपत्र अंथरत होती.

"फॉर्म कुठंय?" मी विचारलं.

"काल दिला त्यांनी," आई म्हणाली.

बाबा पाळीवरून आले तेव्हा मी त्यांना दारातच सांगितलं. कोरी काच, नळाचं पाणी, सगळं. यावेळी क्रम चुकला, कारण मी रडत होते. त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मला हो म्हणवेना.

बुधवारी ते फॉर्म मागायला गेले. पर्सोनेलच्या साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत त्या ऑफिसात पहिल्यांदाच खुर्ची मिळाली, तेव्हाच काय ते समजलो, असं बाबांनी घरी येऊन सांगितलं. नंतर छातीचा फोटोही काढला. तो स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, खोकला धुळीचा आहे, धूळ टाळा. महिनाअखेरीपासून ती आपोआप टळली.

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. सकाळी लोकलच्या वेळेला ते उठायचे, दाढी करायचे आणि मग पेपर येईपर्यंत नुसते बसायचे. संध्याकाळी मी घरी आले की चहा व्हायचा. कॉलेजात काय झालं ते आता विचारत नसत. मीच सांगायला लागले. कोणती लस, कुठला ससा, कोण काय म्हणालं. ते मान डोलवायचे. असंच एकदा मी बंद यंत्राचं सांगितलं. दिवाळीपासून बंद, अर्जाला क्रमांक मिळालाय, तेव्हापासून आम्ही टाकीचं पाणी वापरतो.

त्यांनी कप खाली ठेवला. "कसं बंद आहे? तापत नाही, की गळतं?"

मला माहीत नव्हतं. इतके महिने मी त्याच्याखाली उभी राहून काचा धुतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन माझ्याबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडमना त्यांनी नमस्कार केला, मामांकडे स्टूल मागितलं आणि यंत्र उघडलं. आतला एक जोड गंजला होता आणि रबराचा वायसर चिरला होता. मंडईजवळ जाऊन ते वायसर घेऊन आले, जोड घासला, तारा परत बसवल्या. तास-दीड तासात नळीच्या टोकाला थेंब आला. मग दुसरा. मामा म्हणाले, "पाणी चांगलं दिसतंय." मॅडम आदराने म्हणाल्या, "आपण कोणत्या कंपनीत असता?" बाबांनी फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "आता घरीच असतो."

मी त्या पाण्याने एक कोरी काच केली. शंभर जागा पाहिल्या. मग बाबांना स्टुलावर बसवलं आणि भिंगातून बघायला लावलं. एक डोळा मिटून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

"दिसायलाच नको, बाबा."

ते उठले. पाने एकेक पुसून पिशवीत भरले, जुना वायसर खिशात टाकला. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. दोन पायऱ्या उतरून ते थांबले.

"मला आधी सांगायचं होतंस, यंत्र बंद आहे म्हणून," ते म्हणाले. "एक दिवस रजा टाकून आलो असतो."