दुसऱ्या वाटेची केबल

एकट्या वस्तूवर माझ्या बायकोच्या मामांइतका कमी विश्वास ठेवणारा माणूस बारामती-इंदापूर पट्ट्यात दुसरा झाला नसेल. मामा साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते आणि मी तिथल्याच प्रयोगशाळेत, त्यामुळे हे नातं मला घरीदारी पुरून उरायचं. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत, खिशात दोन चष्मे, पायजम्याला नाडी आणि वरून पट्टा. लोणी भापकरहून मोरगावच्या गणपतीला निघाले, की मामींना नारळ देऊन एसटीनं पाठवायचे आणि स्वतः दुसरा नारळ घेऊन मोटारसायकलवर जायचे. कुठल्या तरी वाटेनं एक नारळ देवापर्यंत पोचावा म्हणून. मामींनी एकदा वैतागून विचारलं, "लगीन तेवढं एकच कसं केलंत?" मामा बराच वेळ अंगणातल्या उन्हाकडं बघत बसले. मग म्हणाले, "तितं चुकलंच. पर तू कधी बंद पडत न्हाईस."

बोलता बोलता ते असे हरवून जात. उसाला तुरे आले, की कामावर जाताना बांधावर गाडी थांबवून रुपेरी शेताकडं बघत राहत, आणि मला वाटे, आता काही हळवं बोलतील. तर म्हणत, "जावईबापू, त्या दोन केबली एकाच ट्रेमधनं न्यायच्या न्हाईत."

त्या केबली बॉयलरच्या होत्या. बॉयलरमधलं पाणी आणि वाफेचा दाब यांवर नजर ठेवायला नवे दोन कंट्रोलर बसणार होते; एक गेला तर दुसऱ्यानं सांभाळायचं. दोघांना वेगळी वीज आणि निरोपासाठी दोन केबली. मोठे साहेब दोन्ही एकाच ट्रेमधून, म्हणजे केबलींच्या एकाच पत्र्याच्या पन्हळीतून, नेणार होते. मामा रोज सकाळी त्यांच्या दारात उभे राहत आणि शांतपणे एकच वाक्य म्हणत, "साहेब, दोन वायरी एकाच वाटेनं गेल्या म्हंजी ती एकच वायर झाली." महिनाभरानं साहेबांनी कंटाळून परवानगी दिली. दुसरी केबल आणि तिची वीज मामांनी स्वतः उभं राहून मागच्या भिंतीकडून नेली. त्या लांबच्या वळणाला सगळे हसले.

त्याच हंगामात एका दुपारी उसाची चिपाडं भट्टीत नेणाऱ्या बगॅसच्या पट्ट्याला आग लागली. पहिल्या केबलचा वरचा ट्रे जळाला आणि पाण्याच्या पंपाची वीज गेली. बॉयलरमधलं पाणी झपाट्यानं उतरू लागलं. खाली भट्टीसमोर शंकर नावाचा कामगार उभा होता; त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी कंट्रोल रूममध्ये मामांच्या शेजारी होतो. पडद्यावरचा पहिला कंट्रोलर काळा झाला आणि मामांनी माझा दंड धरला. मग मागच्या भिंतीकडून दुसऱ्याचा निरोप पोचला, इंधन तुटलं, वाफ सुटली आणि बॉयलर हळूहळू गप्प झाला. पाणी आणखी उतरलं असतं, तर बॉयलर फुटून भट्टीसमोरचा शंकर वाचला नसता; मामा हे कधी बोलले नाहीत. आग विझल्यावर गवगवा झाला तो गाळप थांबल्याचा. शंकर कँटीनमध्ये कुणाच्या तरी गमतीला हसत भाकरी खात होता, आणि मामा समोर बसून त्याच्याकडं बघत होते. त्यांचा चहा निवून गेला.

मामा निवृत्त झाल्यावर गेल्या वर्षी शंकर लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आला. "वळखलं का, तात्या? मी बॉयलरवरचा."

"व्हय," मामा म्हणाले. "लेक केवढी झाली?"

"नर्स हाय आता, बारामतीत."

मला राहवेना. मी त्या दुपारचं आणि दुसऱ्या केबलचं सांगायला तोंड उघडलं, तोच मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. शंकर चहा पिऊन, पाया पडून निघाला. मामा फाटकापर्यंत गेले. त्याची मोटारसायकल कॅनॉलच्या कडेनं उसात दिसेनाशी झाली, तिचा आवाजही विरला, तरी मामा तिथंच उभे होते. मामींनी आतून जेवायला हाक मारली. "आलो," असं म्हणूनही ते बराच वेळ हलले नाहीत.