फक्कीनं काढलेली वस्ती

माझ्या सासऱ्यांएवढी जमीन पायाखालून घातलेला माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर तो रानोमाळ हिंडणारा मेंढका असेल, सरकारी नोकर खचित नसेल. निजाम सरकारच्या पैमाइश खात्यात त्यांनी पंचवीस-तीस वर्षं जमिनी मोजल्या. नोकरी संपली तेव्हा मोजणीची साखळी खात्यात जमा केली, पण मोजायची सवय कुठं जमा करता येते? मग त्यांनी पावलांवर काम भागवलं. मी त्यांना मामा म्हणत असे. मुलगी द्यायची म्हणून आमचं घर बघायला आले, तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, की नोकरी विचारली नाही. माझे वडील चहा सांगायला आत गेले आणि बाहेर येऊन बघतात तर मामा भिंतीला टाच लावून समोरच्या भिंतीकडं निघालेले. "खोली साडेपाच पावलं हाय. दोघांचं भांडण झालं तर एकानं जायचं कुठं?" असं त्यांनी विचारलं. वडिलांनी मागची पडवी दाखवली. ती चार पावलं भरली, आणि लग्न ठरलं.

राणीसावरगाव किती लांब, असं कुणी विचारलं तर मामा कोसात उत्तर देत नसत, पावलांचा आकडा सांगत. विचारणारा गाडीनं जाणार असला तरी सांगत. नवी चप्पल घेतली की मारुतीच्या पारापासून शाळेच्या फाटकापर्यंत तीनदा जाऊन येत, कारण नव्या तळव्यानं पाऊल बोटभर लांब पडतं अशी त्यांची पक्की समजूत होती. वाटेत कुणी रामराम घातला तर हात वर करून त्याला थोपवत, आणि आकडा चुकलाच तर त्या बिचाऱ्याला बरोबर घेऊन पारापासून पुन्हा चालायला लागत. पंगतीत पाटांमधलं अंतर सारखं नसेल तर वाढप्याला थांबवून पाट सरकवत. सासूबाईंनी या सगळ्याकडं बघायचं कधीच सोडून दिलं होतं.

मी तेव्हा गावच्या बलदियात कारकून होतो. बलदिया म्हणजे आताची नगरपालिका. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी धनगरांची वस्ती होती. पाऊस जोराचा झाला की ओढा घरात शिरे. एका साली तर आठ घरं बसली आणि बांधलेली मेंढरं जागेवरच गेली. त्यानंतर मात्र हैदराबादेहून मंजुरी आली: वस्ती वरच्या माळावर हलवायची, घरं बांधायची आणि तिथवर रस्ता करायचा. जिल्ह्याहून इंजिनीअरसाहेबांचा नकाशाही आला. दोन-दोन खोल्यांची चाळीस घरं, पाठीला पाठ लावून, फौजेच्या रांगेसारखी. कागदावर फार देखणं दिसत होतं. फसली साल, म्हणजे निजामाचं सरकारी वर्ष, संपायच्या आत लोकांचे अंगठे झाले नाहीत तर रक्कम परत जाणार होती.

आणि लोक अंगठा देईनात. मी तीनदा वस्तीत गेलो. वस्तीतली गयाबाई सगळ्यांच्या वतीनं बोलायची. ती म्हणाली, "कारकूनदादा, घर लय बेस हाय. पर मेंढरं कुठं बांधायची? का तुमच्या कचेरीत?" मी म्हणालो, नकाशात तशी सोय दिसत नाही. "मंग नकाशालाच ऱ्हायला धाडा," ती म्हणाली आणि कामाला लागली.

हे मी जेवताना घरी सांगितलं. मामांचं घर गावातच, त्या दिवशी ते लेकीकडं जेवायला आले होते. त्यांनी घास खाली ठेवला. "जावईबापू, तुमी त्यांना कागद दाखवायलाव. त्यांना घर दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन पोती फक्की बैलगाडीत घालून माळावर गेले आणि अख्खी वस्ती जमिनीवर पांढऱ्या रेघांनी काढली, जेवढ्याला तेवढी. मग धनगरांना बोलावून एकेका घरात उभं केलं. "ही भिंत हाय. भिंतीतून चालायचं न्हाई. दारानं या." सगळी कचेरी हसायला माळावर गेली, आणि मी लाजेनं फायलीत डोकं घालून बसलो.

पण तीन दिवसांत तिथं काय काय निघालं. एकीची चूल वाऱ्याच्या तोंडाशी येत होती. एका म्हातारीची बाज टाकल्यावर दार उघडायला जागा उरत नव्हती. मेंढरं आणली तर ती तिघांच्या स्वयंपाकघरांतून आरपार गेली. मामा ऐकत, पायानं रेघ पुसत, नवी रेघ मारत. तिसऱ्या दिवशी हिशेब जुळला. जमीन तेवढीच, घरं तेवढीच, पण पाठीला चिकटवलेली घरं त्यांनी सोडवली आणि दर दोन घरांमागं मेंढरं कोंडायला एक सामायिक वाडगं काढलं. गयाबाई आपल्या घरात मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता आना कागद. कुठं अंगठा देऊ?"

अंगठे झाले, पण मंजुरी जुन्या नकाशाची होती. बदल करायचा अधिकार जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा, म्हणजे आताच्या कलेक्टरांचा. ते घोड्यावरून पाहणीला आले, खाली उतरले आणि सरळ चालत निघाले. मामा आडवे आले.

"साहेब, तिकडून भिंत हाय."

साहेबांचा एक पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. मला माझी नोकरी गेलेली स्पष्ट दिसली. साहेबांनी खाली रेघेकडं बघितलं, मामांकडं बघितलं, आणि पाय मागं घेऊन विचारलं, "तो दरवाज़ा किधर है?"

मामांनी दार दाखवलं. साहेब वळसा घालून दारानं आत आले. गयाबाईनं घोंगडं टाकलं, ते बसले. तासभर त्यांनी घरं हिंडून बघितली, एकदाही भिंत न ओलांडता. शेवटी त्यांनी मामांनी माळावरून गावाकडं आखलेल्या रुंद रस्त्याकडं बोट केलं. "ये रास्ता गाव में किसी के घर पर से जा रहा है. वो मानेगा?"

"माझंच घर हाय," मामा म्हणाले. "ओसरी जाती. दुसरीकडून नेला तर दोन गाड्या एकमेकीला जागा देत न्हाईत."

हे मलाही तेव्हाच कळलं. सासूबाईंना त्यानंतर कळलं.

नकाशा बदलून मंजूर झाला. वर्षाच्या आत घरं उभी राहिली आणि रस्ताही झाला. ओसरी पाडली त्या दिवसापासून सासूबाई मामांशी महिनाभर बोलल्या नाहीत. मग एका संध्याकाळी त्या उघड्या दारात येऊन बसल्या. वस्तीवर परतणारी मेंढरं समोरून चालली होती, आणि त्यांच्या शेजारून दोन गाड्या आरामात गेल्या. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "रुंद झालाय."

"अजून दोन पावलं पायजे होता," मामा म्हणाले.

"मग माजघर बी द्यायचं होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या साली मामा गेले. पुढं दफ्तर उर्दूतून मराठीत आणायचं काम माझ्याकडं आलं आणि त्या वस्तीची फाईल हातात पडली. नकाशावर इंजिनीअरसाहेबांची सही होती, मंजुरीवर तालुकदारसाहेबांची. मामांचं नाव एकाही कागदावर नव्हतं. फाईल मीच लिहिली होती. सासऱ्याचं नाव घातलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मीच ते गाळलं होतं. तर्जुमा करताना ते आता घालावं असं फार वाटलं, पण तर्जुम्यात मुळात नसलेलं घालता येत नाही.

परवा वस्तीत गेलो होतो. गयाबाई पार वाकली आहे, तिला दिसतही नाही. पण आवाजावरून तिनं मला ओळखलं आणि नातसुनेला म्हणाली, "ह्यांच्या मामानं हे घर पायानं काढून दिलं बरं का." नातसुनेनं मान हलवली आणि भाकरी थापायला लागली. तिला ते खरं वाटलेलं दिसलं नाही.