गुलाल लागलेली मतं

आमच्या गल्लीला पाण्याचा नळ नव्हता. शेजारच्या पेठेत कळंबा तलावाचं पाणी हौदात धो धो पडायचं, आणि आमच्या आयाबाया नदीवरून घागरी वाहून कमरेची वाट लावून घ्यायच्या. त्या एका नळासाठी आमचे अब्बा म्युनिसिपालटीच्या निवडणुकीला उभे राहिले. महाराजांच्या अमदानीतली ही गोष्ट. अब्बांचं बांगड्यांचं दुकान, मी त्यांच्या हाताखाली. समोर उभा होता एक अडत्या. त्याच्या परसात स्वतःची विहीर, त्याला नळाचं काय सोयरसुतक!

अब्बांना चाचा म्हणणारे गल्लीतले म्हातारे त्यांच्यासाठी जोतिबाला नवस बोलून आले. मताच्या दिवशी सकाळी त्यांनी तिथला गुलाल एकमेकांच्या कपाळाला फासला आणि तसेच चावडीवर गेले. वरच्या, म्हणजे अब्बांच्या, नावापुढं फुली मारायची, कागद पेटीत टाकायचा, एवढं त्यांना पढवलं होतं. हात पुसून घ्या म्हणून सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार? मोजणीच्या कारकुनानंही कागदांवरच्या गुलालाच्या डागांकडे ढुंकून पाहिलं नाही. अब्बा चार-पाच मतांनी निवडून आले. हलगी वाजली, आमच्या अम्मीनं दारात नारळ फोडू दिला.

अडत्यानं लगोलग फेरमोजणीचा अर्ज ठोकला.

मुन्सफासमोर पेटी उघडली. अडत्याच्या वकिलानं गुलालाचे कागद वेगळे काढले, चांगले मूठभर निघाले. म्हणाला, "मत कुणी दिलं ते ओळखू यावं म्हणून केलेली ही खूण आहे. ही मतं बाद करा." पण मुन्सफ माणूस सरळ होता. त्यानं विचारलं, "या डागावरून मत कुणाचं ते तुम्ही सांगू शकता?" वकिलानं कागद उलटेपालटे करून खाली ठेवले. अब्बांनी माझा हात दाबला. जिंकलो होतो आम्ही, जिंकलोच होतो की हो!

तेवढ्यात बाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कानावर गेलं, की चाचांच्या मतांवरच्या गुलालावरून आत भांडण लागलंय. पट्टेवाल्याला ढकलून ते आत घुसले.

"सायेब, त्यो गुलाल खोटा न्हाय! ह्यो कागद माझा हाय, ह्यो अंगठा माझाच!"

"आन् ती वाकडी फुली माझी! देवाची आन घिऊन सांगतो!"

एकेक जण पुढं होऊन आपापला कागद दाखवू लागला. मी हातवारे करून थकलो, "गप्प बसा" असं ओरडलो, पण ऐकतंय कोण? त्यांना वाटलं, आपण साक्ष देतोय. मुन्सफानं लेखणी खाली ठेवली आणि अब्बांकडे इतक्या वाईट चेहऱ्यानं पाहिलं, की मला रडूच कोसळलं. सगळे डागाळलेले कागद बाजूला गेले. अडत्या निवडून आला.

बाहेर आलो तर म्हाताऱ्यांनी अब्बांना घेरलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. "काय चाचा, राखलं का न्हाय तुमास्नी?" एकानं विचारलं. खरं सांगून टाकावं, चांगलं झापावं, असं माझ्या ओठावर आलं होतं. अब्बांनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

"राखलंसा की," अब्बा म्हणाले.

"मग नळ कुठं बसवायचा म्हंता? देवळापुढं का तालमीपुढं?"

अब्बांनी गल्लीकडं पाहिलं. मग म्हणाले, "तालमीपुढं."

"बायकास्नी सांगतो," म्हणत ते गल्लीकडं पळाले.