ब्रेकची परीक्षा

विट्याजवळ माझ्या जुन्या गाडीचा ब्रेक मऊ पडला. पॅडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जायचं. रस्त्याकडेच्या गॅरेजातून एक मिस्त्री लंगडत आला. खाकी पँट, पीळदार मिशा, थेट निवृत्त फौजीच वाटावा. त्यानं पॅडल दाबून बघितलं.

"पायपात हवा शिरलीया," म्हणत तो गाडीखाली घुसला. "मी सांगंल तवा दाबा, सांगंल तवा सोडा."

बुडबुडे निघाले, पॅडल कडक झालं. मग तो गाडीपुढं हाताची घडी घालून, डोळे मिटून उभा राहिला.

"आना आता अंगावर!"

मी रामराम म्हणत ब्रेक मारला. गाडी त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अलीकडे थांबली.

"दर गाडीला असंच करता?"

"व्हय. गिऱ्हाइकाची खात्री पटाय पायजे."

असा छातीचा माणूस! मी अदबीनं विचारलं, "पायाला एकाहत्तरच्या लढाईत लागलं का?"

"न्हाई वं. एका जीपचा ब्रेक जरा मऊच ऱ्हायला हुता."