शीलाच्या आईची खीर

कुणी जेवत असताना शीलाची आई समाधानानं बघतेय, असं मला आठवत नाही. घास आमच्या तोंडात जायचा आणि तिच्या कपाळावर आठी उमटायची. आम्ही हसलो की तिला वाटे ठसका लागला, गप्प झालो की वाटे पोटात दुखतंय.

नागपुरात शीला, नलू आणि मी एका वर्गात होतो. परीक्षा संपली की मे महिन्यातल्या दुपारी आमचा मुक्काम शीलाकडे. खाटेवर वाळत घातलेल्या ओल्या कुरड्या आम्ही पळवायचो आणि कच्च्या आंब्याचं पन्हं पेलेच्या पेले रिचवायचो. दीक्षा घेतलेल्या त्या घरी वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला तांदळाची खीर आणि पुऱ्या होत. आमच्या सुट्टीचा खरा सण तोच. नलू रामदासपेठेतल्या बंगल्यातली, मी कारकुनाची मुलगी. आमच्या घरी कुणी "जाऊ नको" म्हणत नसे, पण परत आल्यावर "काय खाल्लं?" असं जरा जास्तच बारकाईनं विचारलं जाई. शीलाच्या आईला ते न सांगताच ठाऊक होतं.

म्हणून खीर झाली की ती आधी स्वतः वाटीभर खायची आणि गजराच्या घड्याळासमोर बसायची.

"थांबा वं पोरींनो, घंटाभर होऊ द्या. मले काही झालं नाही तं मंग तुम्ही बसा."

"आई, रोजचंच दूध आहे," शीला चिडायची.

"तुले काय समजते? कोनाच्या लेकीचं पोट दुखलं तं नाव माह्या चुलीचं निघन."

आम्ही तोंडं वाकडी करून वाट पाहायचो. आठवीत गेलो त्या वर्षी मात्र तिची भीती खरी झाली.

पौर्णिमेचं जेवून नलू आणि मी दोनच्या उन्हात निघालो. डोक्याला रुमाल नव्हता. कोपऱ्यावर बर्फाचे गोळे खाल्ले, नलूनं दोन, मी एक. घरी सांगायचं नाही अशी शपथही घेतली. पाचच्या सुमारास नलूचा मोठा भाऊ सायकलनं आमच्या दारात आला. नलूला उलट्या होत होत्या, अंग तापलं होतं.

"त्या घरी काय खायला दिलं होतं?" त्यानं विचारलं.

आई माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "खीर." गोळ्याचं नाव ओठापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

भाऊ गेल्यावर मात्र मला घरात बसवेना. मी धावत शीलाकडे गेले आणि नलूचं सांगितलं. तिची आई हातातलं काम टाकून उठली. "किती ताप हाय? डोळे उघडून राहिली का?" एवढंच तिनं विचारलं; मी नलूला पाहिलंच नव्हतं. परातीतल्या गार पाण्यात उरलेल्या खिरीचं पातेलं ठेवलं होतं. तिनं ते उचललं, फडक्यात बांधलं आणि चपला घातल्या. रिक्षात ती, शीला आणि मी. रस्ताभर ती पातेलं मांडीवर घट्ट धरून होती.

व्हरांड्यात नलूची आई उभी होती. शीलाच्या आईनं पायरीवरच फडकं सोडलं.

"बाई, पोरींनी खाल्लं ते हेच. पाहा." आणि ती चमच्यानं खीर खाऊ लागली. एक, दोन, तीन. खीर पदरावर सांडत होती. शीलानं मान खाली घातली. मला ते पाहवेना.

"काकू, नलूनं बर्फाचे गोळे खाल्ले," मी रडतच ओरडले. "दोन. मीपण खाल्ला. उन्हात फिरलो."

नलूची आई जागची हलली नाही. मग म्हणाली, "डॉक्टरही ऊन लागलंय म्हणाले. ती झोपलीय. तुम्ही या आता."

शीलाच्या आईनं तिच्या खांद्यावरून आतल्या दाराकडे एकदा पाहिलं, झाकण लावलं आणि पायऱ्या उतरली. मला ती रागावली असती तर बरं झालं असतं.

नलू चार दिवसांत बरी झाली. पुढच्या वर्षीच्या पौर्णिमेला ती आली ती रिकामा डबा घेऊन. "आईनं घरी मागितलीय," ती म्हणाली. शीलाच्या आईनं डबा काठोकाठ भरला आणि आम्ही निघेपर्यंत चार वेळा विचारलं, "घरी गेल्याबरोबर खातील ना वं? ठेवून तं नाही देनार?"

पुढे शीलाच्या वडिलांना कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत घर मिळालं आणि आमच्या भेटी तुटल्या. लग्नाआधी मी एकदा बसनं तिकडे गेले. मावशी, म्हणजे शीलाची आई, थकली होती. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी शेवटी बोलून टाकलं, "मावशी, मी आधीच खरं बोलले असते तर तुम्हाला त्या बाईंसमोर तसं खाऊन दाखवावं लागलं नसतं."

ती नवलानं म्हणाली,

"त्याच्यासाठी नव्हती गेली मी. पोरीले पाहाले गेली होती. तापलेली पोरगी, माह्या घरून गेलेली. रिकाम्या हातानं गेली असती तं मले त्या फाटकाच्या आत कोन येऊ देनार होतं?"