मशीन चांगली होती

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण — खरं म्हणजे कारण मलाच नीट माहीत नाही.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं. बाबा लग्नात भोंगा लावायचे. सायकलच्या कॅरिअरला अ‍ॅम्प्लिफायर बांधलेला, हँडलला भोंगा लटकवलेला, सीटवर वायरची गुंडाळी, आणि माणूस पायी. लगीनसराईत आम्ही लग्नातलं उरलेलं वरण अन् वांग्याची भाजी खायचो. पावसाळ्यात लग्नं नसायची, मग आई लोकांच्या कापसात, पऱ्हाटीत, तण निंदायला जायची. त्यात मी शिकलो. भौतिकशास्त्र घेऊन बी.एससी. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण जे केलं ते त्या अभिमानातून केलं, की नुसत्या भित्रेपणातून? कितीदा विचार केला. ठरत नाही.

नोकरी लागली नाही, म्हणून व्हिडिओ कॅमेरा घेतला. बाबांची मशीन — अ‍ॅम्प्लिफायरला आम्ही मशीनच म्हणतो — आणि माझं शूटिंग. एकाच मांडवात बापलेक.

गावातल्याच एका पोरीचं लग्न होतं. तिची आई ती लहान असतानाच गेली, तिच्या पुष्पाआत्यानं तिला वाढवलं; आम्हीही तिला आत्याच म्हणायचो. आमच्याकडे मंगलाष्टकं घरचीच माणसं माइक धरून म्हणतात, त्यात आपल्या माणसांची नावं गुंफतात. आत्यानं स्वतः रचली होती, आणि त्यात त्या पोरीच्या आईचं नाव घातलं होतं. मला आधीच बजावून ठेवलेलं, "बाकी काही नाई निंगालं तं चालन रे, पण माहे मंगलाष्टकं साफ पाह्यजे."

त्या लग्नात मी पहिल्यांदाच एकाहून जास्त माइक लावले. नवरदेवाच्या शेरवानीला कॉलर माइक, तो कॅमेऱ्याच्या पहिल्या चॅनलला. बाबांच्या मशीनमधून वायर काढून ती दुसऱ्या चॅनलला. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद — दोन बाहेरचे असताना तो कशाला? त्या दुसऱ्या चॅनलजवळ एक बारीक बटन असतं. साध्या माइकसाठी एका बाजूला ठेवायचं, मशीनमधून येणाऱ्या तगड्या आवाजासाठी दुसऱ्या. ते माइकच्याच बाजूला राहिलं. हेडफोन होता की कानाला! पण तो पहिल्या चॅनलवर. आत्या म्हणत होती, पोरगी रडत होती, आणि मी नवरदेवाचा श्वास ऐकत खूश होतो.

घरी येऊन कॉम्प्युटरवर लावलं, तर आत्याचा एक शब्द कळेना. आवाज पार फाटलेला. नवरदेवाच्या माइकात फटाके आणि त्याच्या मित्रांचं खिदळणं.

ते बटन मला कधी दिसलं? इथं माझा गोंधळ होतो. कधी वाटतं, आत्या येऊन गेल्यावर दिसलं. तसं असतं तर किती बरं झालं असतं. पण नाही. आधीच दिसलं होतं. मी ते सरकवून पाहिलं होतं, परत सरकवून पाहिलं होतं.

आत्या दुपारी आली. बाबा दारातच वायरीची गुंडाळी करत बसले होते. तिनं ऐकलं, आधी हसली.

"काहून रे, कोंबडी धरल्यावानी काहून येऊन राह्यला माहा आवाज?"

मग तिच्या लक्षात आलं, की सगळंच तसं आहे.

मी म्हणालो, "मशीनीतूनच फाटून आला, आत्या. बाबाची मशीन जुनी झाली." बाबा ऐकत होते. मला ठाऊक होतं, ते ऐकत आहेत.

"काय हो भाऊ," आत्या त्यांना म्हणाली, "पोरगी काय दोनदा जाते का घरातून?"

बाबांनी हात जोडले. "चुकलं, ताई."

इतकंच असतं तर मी एखाद्या मित्राजवळ कधीतरी बोललोही असतो. पण पुढे जे झालं — ते कसं सांगू?

बाबांनी मशीन खोलली. यवतमाळला नेऊन मेकॅनिकला दाखवली, त्यानं हे बदल, ते बदल केलं. बाबा अंगणात माइक धरून उभे राहिले, मला बोलावलं. "आता पाह्य बरं. फाटते का?" मी वायर जोडली. बटन बरोबर बाजूला होतं. हेडफोन कानाला लावला. "हॅलो, हॅलो," म्हणाले, मग खोकले, मग लाजून आईचं नाव घेतलं. आवाज स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की नाव घेताना ते जरासे अडखळले, तेही ऐकू आलं.

मी म्हणालो, "थोडा फाटतेच."

का म्हणालो? साफ आहे म्हणायला काय जात होतं? मेकॅनिकनं दुरुस्त केली असं सगळ्यांनी मानलं असतं, माझं खोटंही झाकलं गेलं असतं. मला फायदाच होता. तरी म्हणालो. आजही त्या जागी पोचलो की माझं डोकं चालत नाही.

बाबा म्हणाले, "तू शिकेल हायेस. तू म्हणतं तं असनच." आणि मशीन पोत्यात बांधून माळ्यावर ठेवली. पुन्हा कोणत्याच लग्नात लावली नाही. आत्या अजून भेटते, बोलते. तिच्याजवळ ती मंगलाष्टकं नाहीत. साफ रेकॉर्डिंग नाही, कागद नाही. तोंडपाठ होती, म्हणते, आता मधलं आठवत नाही.

बाबा हल्ली माझ्या स्टुडिओच्या काउंटरवर बसतात. गिऱ्हाइकाला सांगतात, "पोराले आवाजाचं लय समजते." त्यांना वाचता येत नाही. म्हणूनच मी हे लिहून राह्यलो का? असेल.

कळंबला मंदिराच्या रस्त्यावर माझा स्टुडिओ आहे. आता मी एका लग्नात चार माइक लावतो. चारही आवाज साफ येतात.