यंत्रांची खोली

मालवीय नगरमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकच एसी होता आणि तो यंत्रांसाठी होता. नवऱ्याने बेडरूममध्ये क्रिप्टो मायनिंगचा संसार थाटला होता. रॅकवर रचलेली ती यंत्रं आभासी नाणी कमावायला दिवसभर, रात्रभर आकडेमोड करत, तापत, घरघरत. घरमालकीणबाईंनी जिन्यात एकदा विचारलंसुद्धा, "भाभीजी, ऊपर चक्की लगा ली क्या?" आम्ही दोघं हॉलमध्ये कूलरपुढे झोपायचो.

वाद रोजचाच. मी म्हणायचे, या आकड्यांसाठी कुठेतरी कोळसा जळतोय. तो म्हणायचा, "मतलब, बँकांच्या एसीला वीज लागत नाही? सोन्याच्या खाणी काय हवेवर चालतात?" मग पुढेमागे गच्चीवर सोलर लावू, इथे ऊन काय फुकटचंच आहे, हेही ठरलेलं. गच्ची घरमालकांची आहे, हे मी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. पुढे पुढे मला त्याच्या मुद्द्यांपेक्षा माझ्याच आवाजाचा कंटाळा येऊ लागला.

मे महिन्यात अकोल्याहून आई राहायला आली. तिला दमा. कूलरच्या ओल्या हवेने दुसऱ्याच दिवशी धाप लागली. कूलर बंद केला तर घराची भट्टी. मी नवऱ्याला म्हटलं, "आई आहे तोवर यंत्रं बंद ठेव, तिला आत झोपू दे." त्याने सरळ नाही म्हटलं नाही, समजावत बसला. जगभर एवढी यंत्रं चालू आहेत, आपली बंद करून पृथ्वी थोडीच गार होणार आहे?

मी पृथ्वीचं बोलतच नव्हते. मला एक खोली हवी होती.

आई दम्याचा पंप हातात धरून ऐकत होती. सकाळी तिने बॅग भरली आणि परतीचं तिकीट काढायला लावलं. स्टेशनवर मी रडकुंडीला आले, तिकडच्या उन्हात तुझं कसं होणार म्हणाले.

"गरम तं अकोल्यातबी हायच वं बाई," ती म्हणाली. "पन तिथं मले कोनाले हवा मांगा लागत नाई."

घरी परतल्यावर नवऱ्याने कुणी न सांगता यंत्रं बंद केली. एसी तेवढा चालू ठेवला. त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण मी इतकी थकले होते की मला त्याचा रागही धड येईना. खोली तासाभरात गार झाली.

"ये ना आत," तो म्हणाला.

आईची गाडी तेव्हा दोन तासांवरच्या अजमेरलाही पोचली नसेल.